शिपाई, हवालदार, फौजदार: कुणाला काय म्हणावे?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत असत. वय साठीच्या घरात. स्वतःच्या नावाची सही जमू लागली, त्या दिवशी त्यांनी साऱ्या वर्गाला गूळ-शेंगदाणे वाटले होते.

एका रात्री मावशींच्या गोठ्यातून दोन शेळ्या चोरीला गेल्या. सकाळी पहिल्या एस.टी.ने मावशी तालुक्याच्या गावी गेल्या. पोलीस ठाण्याच्या आवारात खाकी कपड्यातला एक माणूस जीपगाडी पुशीत उभा होता. मावशींनी त्याला हात जोडले.

"फौजदारसाहेब, माझ्या शेळ्या नेल्या हो कुणीतरी! दोन्ही गाभण होत्या."

त्या माणसाने सगळे ऐकून घेतले. "बरं मावशी, बघतो," असे तो म्हणाला. मावशी समाधानाने घरी आल्या. साहेबांच्या कानावर घातले, आता काम होणार, असे त्यांना वाटले.

महिना गेला. कुणी चौकशीला आले नाही. मग आम्ही मावशींबरोबर ठाण्यात गेलो. तेथे शेळ्यांची एका ओळीचीसुद्धा नोंद नव्हती. मावशी ज्यांच्याशी बोलल्या होत्या, ते फौजदार नव्हतेच. ते गाडीचे चालक होते. दुसऱ्या गावाहून आपल्या साहेबांना घेऊन आले होते. "आत जाऊन लिहून द्या," एवढे त्यांनी सांगायला हवे होते. ते त्यांनी सांगितले नाही. आणि आत जाऊन कुणाला गाठायचे, हे मावशींना ठाऊक नव्हते.

त्या दिवशी तक्रार लिहिली गेली. पण महिन्यात शेळ्या कुठच्या कुठे गेल्या होत्या. त्या काही मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या मनात होते की पोलिसांच्या नावांवर एक धडा लिहावा. तो हा धडा.

नावे तीन तऱ्हेची

पोलिसांना आपण किती नावांनी ओळखतो पाहा. शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार, ठाणेदार, इन्स्पेक्टर, अंमलदार, साहेब, मामा. ऐकून डोके चक्रावते. पण नीट पाहिले तर ही नावे तीन तऱ्हेची आहेत.

पहिली तऱ्हा पदाची. सरकारने ज्या जागेवर नेमले, त्या जागेचे नाव. जसे पोलीस शिपाई, पोलीस निरीक्षक.

दुसरी तऱ्हा कामाची. आज तो माणूस कोणते काम करतो आहे, त्यावरून नाव. जसे ठाणे अंमलदार, तपासी अंमलदार.

तिसरी तऱ्हा लोकांच्या तोंडची. जसे मामा, साहेब.

घरातही असेच असते. एकच माणूस रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असतो, शेतावर मालक असतो आणि अंगणात आबा असतो. कागदावर 'आबा' लिहून चालत नाही. आणि अंगणात नातू काही 'कुटुंबप्रमुख' म्हणून हाक मारीत नाही. पोलिसांच्या नावांचेही तसेच आहे. कोणते नाव कुठे चालते, एवढे कळले की झाले.

'पोलीस' हा शब्द कुठून आला?

'पोलीस' हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. पण तो मूळचा इंग्रजीही नाही. फार पूर्वी ग्रीस देशात नगराला 'पोलिस' म्हणत. नगराचा कारभार असा अर्थ पुढे त्यातूनच निघाला. तो शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तेथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत गेला. म्हणजे मुळात हा शब्द लाठीचा नव्हे, सुरळीत कारभाराचा आहे.

मराठीत आपण एकाही माणसाला पोलीस म्हणतो आणि साऱ्या खात्यालाही पोलीस म्हणतो. "दारात पोलीस आला" म्हणजे एक जण आला. "पोलिसांनी चोर धरला" म्हणजे खात्याने धरला.

मराठवाड्यात तर हा शब्द एका सालाची खूण होऊन बसला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचे सैन्य निजामाच्या हैदराबाद राज्यात शिरले. १३ तारखेला सुरुवात झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. काम सैन्याने केले. पण हे दुसऱ्या देशाशी युद्ध नाही, हा घरातला प्रश्न आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती. म्हणून त्याला 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. जुनी माणसे "पोलीस अॅक्शनच्या साली माझा जन्म" असे सांगत, ते याच १९४८ सालाबद्दल.

जुनी नावे काय सांगतात?

आपली बरीचशी जुनी नावे फारसी आणि अरबी भाषांतून आली. मुसलमानी राजवटींत आणि मराठेशाहीत राज्यकारभाराचे शब्द तेथून घेतले गेले. या नावांच्या शेवटी पुष्कळदा 'दार' येतो. 'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा. दुकानदार, जमीनदार यांतला 'दार' तोच.

शिपाई. फारसीत 'सिपाह' म्हणजे सैन्य. सैन्यातला तो सिपाही, म्हणजे आपला शिपाई. १८५७ च्या उठावाला इंग्रजांनी 'शिपायांचे बंड' म्हटले, तो हाच शिपाई. पुढे कचेरीत कागद नेणाराही शिपाई झाला. म्हणून आज शाळेत शिपाई असतो, बँकेत शिपाई असतो आणि ठाण्यातही शिपाई असतो. घोटाळा टळावा म्हणून कागदावर 'पोलीस शिपाई' लिहितात. यालाच इंग्रजीतून आलेले नाव कॉन्स्टेबल. त्या शब्दाची गंमत अशी, की लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ होता पागेचा, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचा, अधिकारी!

हवालदार. "गाय तुमच्या हवाली करतो" असे आपण म्हणतो. त्यातला 'हवाला' म्हणजे सोपवलेली जबाबदारी. ती धरणारा तो हवालदार. शिवाजी महाराजांच्या काळी हे मोठे पद होते. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे मुख्य कामगार असत. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. पायदळातही हवालदार असे. त्याच्या हाताखाली पाच नाईक असत. आजच्या पोलीस दलात हवालदार हा शिपायाच्या वरचा. पूर्वी या दोघांच्या मध्ये 'पोलीस नाईक' हे पद होते. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने ते कमी केले.

जमादार. जमातीचा, म्हणजे टोळीचा, प्रमुख. जुनी माणसे हवालदारालाच 'जमादारसाहेब' म्हणत. पोलिसांच्या बाबतीत हा शब्द आता मागे पडला.

फौजदार. फौज बाळगणारा तो फौजदार. मोगलांच्या अमलात एका मुलखावर एक फौजदार असे. हाताशी फौज ठेवून लुटारूंचा बंदोबस्त करणे हे त्याचे काम. म्हणूनच चोरी, मारामारी, खून यांच्या कज्जाला 'फौजदारी' हे नाव पडले. जमिनीच्या आणि पैशाच्या कज्जाला 'दिवाणी' म्हणतात, कारण ते काम दिवाणाचे. आज आपण पोलीस उपनिरीक्षकाला फौजदार म्हणतो. त्याच्या खालच्याला 'सहायक फौजदार' म्हणतात. वर्तमानपत्रांतही ही नावे छापून येतात.

ठाणेदार. 'ठाणे' हा शब्द संस्कृत 'स्थान' यावरून आला. ठाण्याचा प्रमुख तो ठाणेदार. विदर्भात हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याच माणसाला 'पी.आय. साहेब' म्हणतील. नाव बदलले तरी खुर्ची एकच. मराठवाड्यात निजामाच्या काळी 'अमीनसाहेब' म्हणत. अमीन म्हणजे विश्वासाचा माणूस. 'अनामत' ठेवतो, तो शब्द त्याचाच भाऊबंद.

कोतवाल. हा शब्द मात्र मूळचा इकडचाच. 'कोट्ट' म्हणजे कोट, किल्ला. त्याला पाळणारा तो कोट्टपाल, म्हणजे कोतवाल. पूर्वी शहराच्या बंदोबस्ताचा प्रमुख कोतवाल असे. पेशवाईत पुण्याला घाशीराम नावाचा कोतवाल होता. त्याच्या कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली. तेव्हा लोक खवळले आणि १७९१ साली त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. जुलमी अधिकाऱ्याचे नाव म्हणून ते अजून घेतले जाते.

पण कोतवाल या शब्दाची दुसरी बाजूही आहे. शेतात तारेवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला कोतवाल म्हणतात. तो अंगाने लहान. पण घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीलाही पिटाळून लावतो. म्हणून दुबळे पक्षी त्याच्या झाडाच्या आश्रयाला घरटी बांधतात. खरा कोतवाल कसा असावा, हे लोकांनी पक्ष्याला नाव देऊन सांगून ठेवले आहे.

गावचा कोतवाल मात्र पोलीस नव्हे, बरं का! तो महसूल खात्याचा माणूस. दवंडी देणे, नोटिसा पोचवणे, तलाठी कार्यालयाला मदत करणे ही त्याची कामे. आता सरकारने त्याला 'महसूल सेवक' असे नाव दिले आहे.

गावचा पोलीस पाटील

पूर्वी गावाची राखण गावातच होत असे. रात्री जागणारा तो जागल्या. वेशीवर राहणारा तो वेसकर, म्हणजेच येसकर. आणि या साऱ्यांवर पाटील. ही कामे बापाकडून मुलाकडे जात. मान एकाच्या वाट्याला जन्माने येई आणि राबणूकही दुसऱ्याच्या वाट्याला जन्मानेच येई.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. पुढे १९६७ साली महाराष्ट्र ग्रामपोलीस कायदा झाला. आजचा पोलीस पाटील त्या कायद्याप्रमाणे नेमला जातो. तो वंशाने येत नाही. प्रांतसाहेब नेमणूक करतात. अनेक गावांत आता बायाही पोलीस पाटील आहेत.

पोलीस पाटलाचे काम काय? गावात गुन्हा झाला, संशयाचे मरण झाले, दंग्याची चिन्हे दिसली, तर पोलीस ठाण्याला आणि तहसीलदाराला खबर देणे. तपासात पोलिसांना मदत करणे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोलीस पाटलाला सांगितले, म्हणजे आपली फिर्याद नोंदली गेली असे नव्हे. तो खबर पोचवतो. फिर्याद लिहिली जाते ती ठाण्यात. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष तर पोलीसही नव्हे. तो भांडण समजुतीने मिटवायला मदत करतो.

नवी सरकारी नावे

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. सरकारी कामात इंग्रजी पदांना मराठी नावे रुळू लागली. ही नावे कानाला जड वाटतात. पण फोडून पाहिली तर सोपी आहेत.

'ईक्ष' म्हणजे पाहणे. नीट पाहणारा तो निरीक्षक. वरून देखरेख करणारा तो अधीक्षक. 'उप' म्हणजे त्याच्या खालचा. 'सहायक' म्हणजे त्याला मदत करणारा. 'आयुक्त' म्हणजे खास नेमलेला.

आता जिल्ह्यातली पायरी खालून वर चढू या. पोलीस शिपाई. त्याच्या वर पोलीस हवालदार. मग सहायक पोलीस उपनिरीक्षक, तोच सहायक फौजदार. मग पोलीस उपनिरीक्षक, तोच फौजदार किंवा पी.एस.आय. मग सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे ए.पी.आय. मग पोलीस निरीक्षक, म्हणजे पी.आय. त्याच्या वर काही ठाणी मिळून एक उपअधीक्षक असतो, त्याला लोक 'डी.वाय.एस.पी.' म्हणतात. आणि जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक, म्हणजे एस.पी. साहेब. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एस.पी. नसतो. तेथे पोलीस आयुक्त असतो. साऱ्या राज्याचा प्रमुख तो पोलीस महासंचालक.

कपड्यांवरूनही पद ओळखता येते. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात. सहायक फौजदाराच्या खांद्यावर एक तारा असतो, फौजदाराच्या खांद्यावर दोन आणि निरीक्षकाच्या खांद्यावर तीन. त्या ताऱ्यांखाली लाल-निळी फीतही असते. मावशींना हे ठाऊक असते, तर गाडी पुसणाऱ्या माणसाला त्यांनी फौजदार म्हटले नसते.

असे असले तरी शिपायाला कमी लेखू नका. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात 'पोलीस अधिकारी' या शब्दात दलातला प्रत्येक माणूस येतो. शिपायाचाही त्यात समावेश आहे. भर पावसात नदीकाठी, यात्रेत, अपघाताच्या जागी पहिला पोचतो तो बहुधा शिपाईच.

कामावरून पडलेली नावे

ठाण्यात गेल्यावर आपल्याला खरी गरज लागते ती या नावांची. ही चार नावे पाठ करा.

ठाणे अंमलदार. ठाण्यात शिरताच समोर टेबल असते. तेथे चोवीस तास कुणीतरी बसलेले असते. आज एक जण, उद्या दुसरा. हवालदारही असेल, सहायक फौजदारही असेल. त्या वेळी तो ठाणे अंमलदार. आलेल्याचे म्हणणे ऐकून नोंद घेणे हे त्याचे काम. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: "ठाणे अंमलदार कोण आहेत?"

प्रभारी अधिकारी. ज्याच्या ताब्यात ठाणे आहे तो. बहुधा निरीक्षक असतो. लहान ठाण्यात सहायक निरीक्षकही असतो. फिर्याद लिहून घेण्याची जबाबदारी कायद्याने याची आहे. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या," असे कधीकधी ऐकू येते. पण कायद्याने ही खुर्ची रिकामी राहत नाही. प्रभारी अधिकारी हजर नसेल, तर ठाण्यात हजर असलेला त्याच्या खालोखालचा, पण शिपायाच्या वरचा, अधिकारी त्याची जागा घेतो.

तपासी अंमलदार. गुन्हा नोंदल्यावर त्याचा तपास ज्याच्याकडे दिला तो. "माझ्या प्रकरणाचे तपासी अंमलदार कोण?" असे विचारून नाव वहीत लिहून ठेवा. पुढची विचारपूस त्यांच्याकडे करायची.

बीट अंमलदार. ठाण्याच्या हद्दीतली गावे वाटून दिलेली असतात. अशा काही गावांचे मिळून एक बीट. ते ज्याच्याकडे, तो बीट अंमलदार. आपल्या गावचा बीट अंमलदार कोण, हे पोलीस पाटलाला माहीत असते. दूरच्या गावांसाठी ठाण्याची लहान शाखा असते. तिला 'दूरक्षेत्र' म्हणतात. आपण तिला चौकी म्हणतो.

लोकांच्या तोंडची नावे

शहरात चौकातल्या पोलिसाला पोरे 'मामा' म्हणतात. "मामा आला, गाडी वळव!" मामा हे तसे मायेचे नाते. पण येथे त्यात निम्मी माया आणि निम्मी चेष्टा असते. १९७५ साली दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' हा चित्रपट आला. त्यानंतर पोलिसाला 'पांडू' म्हणण्याची खोड मुंबईत पसरली. हे नाव तोंडावर कुणी घेत नाही, कारण ते टवाळीचे आहे.

असे सगळीकडेच होते. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील या मंत्र्याने नवे पोलीस दल उभारले. रॉबर्टचे लाडके नाव बॉबी. तेव्हापासून तेथले लोक पोलिसाला 'बॉबी' म्हणतात.

मग आपण हाक काय मारावी? शिपायाला 'दादा' म्हणा, 'हवालदारसाहेब' म्हणा. बाई असतील तर 'ताई' किंवा 'मॅडम' म्हणा. पुरुषाला असते तेच पद बाईलाही असते. त्याला 'महिला' शब्द जोडला, की 'महिला पोलीस हवालदार' झाले. हाक मारताना पद चुकले तरी बिघडत नाही. शिपायाला साहेब म्हटल्याने कुणाचे नुकसान होत नाही. चालायचे नाही ते कागदावर.

आणि मान हा दोन्ही बाजूंनी असावा. खेडूत माणसाला "ए म्हाताऱ्या, तिकडे बस" असे कुणी म्हणू नये. आम्ही 'साहेब' म्हणतो, तुम्ही 'काका', 'मावशी' म्हणा, एवढी अपेक्षा धरण्याचा आपल्याला हक्क आहे. पगार घेणारा आणि खाकी घालणारा लोकांचाच सेवक आहे.

खाकी दिसली म्हणजे पोलीस नव्हे

'खाक' म्हणजे धूळ, राख. धुळीच्या रंगाचा तो खाकी. पण खाकी काही पोलिसांचीच नव्हे. जंगलातला वनरक्षक खाकी घालतो. होमगार्डही खाकीत असतो. तो पोलिसांना मदत करतो, पण तो पोलीस दलातला नव्हे. बंगल्यावरचा पहारेकरीही कधी खाकीत असतो. दारूवर छापा घालणारे राज्य उत्पादन शुल्क खात्याचे लोक वेगळे आणि पोलीस वेगळे.

उलट साध्या कपड्यातलेही पोलीस असतात. आणि याच गोष्टीचा फायदा ठग घेतात. मोटारसायकलवर दोघे येतात. म्हाताऱ्या बाईला अडवतात. "आम्ही पोलीस आहोत. पुढे चोरी झाली आहे. माळ काढून या पुडीत बांधा," असे सांगतात. घरी जाऊन पुडी सोडावी तर आत खडे! अशांना तोतया पोलीस म्हणतात. खरा पोलीस रस्त्यात कुणाचे दागिने काढायला लावीत नाही. त्याला ओळखपत्र मागा. कोणते ठाणे, ते विचारा. शंका आली तर आरडाओरड करा आणि ११२ या क्रमांकाला फोन लावा.

आता तर ठग फोनवरही पोलीस होतात. चित्राच्या फोनवर वर्दी घालून बसतात. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, घराबाहेर पडू नका, पैसे पाठवा," म्हणतात. 'डिजिटल अरेस्ट' असा शब्द आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. फोनवरून अटक होत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

आता आपल्याला वाचता येते

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला आहे. त्यातल्या काही गोष्टी वाचता येणाऱ्याच्या फार उपयोगाच्या आहेत.

अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसेल अशी असली पाहिजे. ती वाचा.

तोंडी सांगितलेली दखलपात्र गुन्ह्याची खबर अधिकाऱ्याने लिहून घेतली पाहिजे, आपल्याला वाचून दाखवली पाहिजे आणि मग आपली सही घेतली पाहिजे. तिची प्रत आपल्याला फुकट मिळते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, म्हणून खबर नाकारता येत नाही.

खबर लिहून घ्यायला नकार दिला, तर तीच हकीकत कागदावर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

अर्ज लिहिताना वर मायना असा घाला:

"प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
अमुक पोलीस ठाणे,
तालुका अमुक, जिल्हा अमुक."

तेथे पी.आय. आहेत की ए.पी.आय., हे ठाऊक नसले तरी हा मायना चुकत नाही. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा. तिच्यावर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. यालाच 'पोच' म्हणतात.

मावशींचे पुढे काय झाले, ते सांगून हा धडा संपवतो. दोन वर्षांनी त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. या वेळी मावशी कुणाला सोबत न घेता ठाण्यात गेल्या. आवारात थांबल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी विचारले, "ठाणे अंमलदार कोण हायेत?"

टेबलामागच्या हवालदारांनी त्यांना बसायला बाक दिला. साऱ्या हकीकतीची खबर लिहून झाली. कागद मावशींपुढे आला. "करा सही, मावशी."

मावशींनी चष्मा लावला. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. हवालदारही थांबून राहिले. अर्ध्या पानावर मावशींचे बोट अडले.

"दादा, चोरी मंगळवारी रात्री झाली. इथं सोमवार लिवलंय."

हवालदारांनी वाचून पाहिले. चूक खरी होती. त्यांनी ती दुरुस्त केली. मग मावशींनी सही केली, प्रत मागून घेतली आणि तपासी अंमलदाराचे नाव वहीत उतरवून घेतले.

मोटार सापडली की नाही, असे तुम्ही विचाराल. तपास चालू आहे. पण या वेळी कागद झाला आहे, आणि तो खरा आहे.